पंडिता रमाबाईंचे एकाकीपण

१८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात आल्या. वर्धा जिल्हा, आणि त्यातील हिंगणघाट-वडनेरचा मुलूख, त्या काळी याच प्रांतात मोडत असे. निराधार झालेल्या सुमारे ३०० मुली व स्त्रिया त्यांनी या प्रांतातून आपल्या आश्रयाला नेल्या. पुण्यातील शारदा सदनाचा व्याप आधीच मोठा होता आणि हाती पुरेसा पैसाही नव्हता. तरीही त्या आल्या, याचे कारण वीस वर्षांपूर्वीच्या दुसऱ्या एका दुष्काळात शोधावे लागते.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा, सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविले, आणि त्या माउलीने ते मुलीला दिले. स्त्रीला देववाणी शिकविणारा हा ब्राह्मण स्वजातीयांच्या रोषाचा धनी झाला. पुढे सारे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडू लागले. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळाने गाठले, तेव्हा प्रथम वडील, मग आई, मग थोरली बहीण अशी माणसे पाठोपाठ गेली. उरली रमा आणि भाऊ श्रीनिवास. ही दोघे पायी हजारो मैल तुडवीत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोचली. तेथील पंडितांनी या तरुणीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरविले. तथापि सभांतून टाळ्या मिळत होत्या त्याच सुमारास तिच्या मनातील जुना विश्वास ढासळत होता. ज्या शास्त्रांत ती पारंगत झाली, त्यांत स्त्रीला आणि शूद्राला मोक्षाचा सरळ मार्ग नाही, हे तिला अभ्यासातूनच उमगले होते.

१८८० मध्ये श्रीनिवासही वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली, ब्राह्मणेतर वकिलाशी रमाबाईंनी नोंदणी विवाह केला. सिल्चरच्या त्या घरात त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. तेथील एका मिशनऱ्याकडून त्या बायबलही समजून घेऊ लागल्या. पतीला हे रुचले नाही. पण वाद वाढण्याइतका अवधीच मिळाला नाही. १८८२ च्या फेब्रुवारीत बिपिनबाबू पटकीने गेले. २३ वर्षांची विधवा आणि दहा महिन्यांची मनोरमा, एवढेच कुटुंब राहिले.

पुण्यात त्यांचे स्वागत झाले. आर्य महिला समाजाची स्थापना झाली. १८८३ मध्ये वैद्यकीच्या शिक्षणासाठी त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील जोगिणींच्या मठात राहिल्या. कानांनी मंद ऐकू येत असल्याने वैद्यकीचा विचार सोडावा लागला. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तेथेच आत्महत्या केली. त्यानंतर थोड्याच काळात, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. एकाकी, भांबावलेल्या परदेशस्थ विधवेला मिशनऱ्यांनी गाठले, असा अर्थ पुण्यात लावला गेला. तो सोयीचा होता, पण पुरता खरा नव्हे. त्यांच्या मनाने घेतले ते लंडनमधील एका आश्रमातील दृश्य पाहून. समाजाने ‘पतित’ ठरविलेल्या स्त्रियांची तेथील भगिनी प्रेमाने शुश्रूषा करीत होत्या. अशी दया कोठून येते, असे विचारता त्यांना विहिरीवर आलेल्या शोमरोनी स्त्रीची कथा ऐकविण्यात आली. ज्या स्त्रीला कोणी जवळ करीत नाही, तिच्याशी ख्रिस्त स्वतःहून बोलतो. आप्तस्वकीय गमावलेल्या आणि शास्त्रांनी दाराबाहेर ठेवलेल्या विदुषीला या कथेत आपली जागा दिसली, तर नवल नाही.

परंतु धर्मांतराने एकाकीपण संपले नाही, उलट वाढले. स्वदेशातील माणसे दुरावली. आणि नव्या धर्मबंधूंशीही जमेना. मठातील भगिनी जेराल्डिन यांना ही शिष्या गर्विष्ठ वाटे. धर्मतत्त्वे पारखून घेण्याचा हक्क रमाबाई सोडीत नसत. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, यावर बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा त्या संतापल्या. मंडळी बदलली तरी स्त्रीवरचा पहारा तोच राहिला होता.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या. तेथे मदत उभारून १८८९ मध्ये मुंबईस शारदा सदन काढले, व पुढच्या वर्षी ते पुण्यास हलविले. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, याच धामधुमीत, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळालेला नाही, असे त्यांच्या ध्यानी आले. त्यानंतर लाभलेल्या शांतीचा उल्लेख त्यांनी स्वतःच्या निवेदनात केला आहे. या शांतीची कसोटी १८९३ मध्ये लागली. सदनातील मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात, यावरून वादळ उठले. रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. टीकाकारांचा आक्षेप अगदीच निराधार नव्हता. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचे वचन देऊन उघड्या दाराने प्रार्थना करण्यात अडचण होतीच. पण दार लावून घेणे रमाबाईंना अप्रामाणिक वाटत होते.

मध्य प्रांताच्या दुष्काळात त्या गेल्या, त्या या मनःस्थितीत. उपाशी, अंगावर चिंध्या असलेल्या मुलींत त्यांना १८७४ ची रमा दिसत असणार. त्या मुलींना केडगावच्या जमिनीवर आणले गेले आणि मुक्ती सदन वाढत गेले. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, दुग्धालय, छापखाना असे सारे उद्योग तेथील स्त्रियाच चालवीत.

अखेरची अनेक वर्षे रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले, अल्पशिक्षित बाईलाही कळेल अशा भाषेत. १९२१ च्या जुलैमध्ये मनोरमा वारली. चाळीस वर्षांची ती एकच सोबत होती, आणि संस्थेचा भार तिच्यावर सोपवावयाचा होता. रमाबाई तपासणीच्या मुद्रितांवर वाकून राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या, तेव्हा भाषांतराचे काम पुरे झाले होते. मुक्ती सदनाच्या छापखान्यात, स्त्रियांच्याच हातून जुळलेल्या खिळ्यांतून, ते १९२४ मध्ये बाहेर पडले.