वाळूवरचे दीडशे मैल

फ्लोरिडातल्या डेटोना बीचची वाळू ओहोटीनंतर रस्त्यासारखी टणक होते. त्यामुळे वेगाच्या वेडाने झपाटलेल्या मंडळींची या किनाऱ्यावर अनेक वर्षे जत्रा भरत असे. १९५६ च्या जानेवारीत एक सेहेचाळीस वर्षांचा इंजिनियर शेव्हरोले कंपनीची कॉर्व्हेट घेऊन तिथे तळ ठोकून होता. वारा पडावा, वाळू सपाट व्हावी, एवढीच त्याची मागणी. शेवटी तो दिवस उजाडला आणि जाण्या-येण्याची सरासरी धरून त्या गाडीने ताशी १५० मैलांचा, म्हणजे सुमारे २४१ किलोमीटरचा टप्पा ओलांडला. गाडी चालवणारा आणि तिच्या इंजिनात हा वेग भरणारा माणूस एकच होता. त्याचे नाव झोरा आर्कस-डंटॉव्ह.

या जोडनावामागेही एक कहाणी आहे. झोराचा जन्म १९०९ सालचा, नाताळच्या दिवशीचा, ब्रुसेल्समधला. आईवडील रशियन ज्यू. वडील आर्कस खाणींचे इंजिनियर, तर आई वैद्यकीची विद्यार्थिनी. कुटुंब रशियात परतले आणि पुढे आईवडिलांचा घटस्फोट झाला. आईने जोसेफ डंटॉव्ह या दुसऱ्या इंजिनियरबरोबर संसार मांडला, पण पहिले वडील घर सोडून गेले नाहीत! तेही त्याच घरात राहिले. झोरा आणि त्याचा भाऊ युरा यांनी दोघांचाही मान राखून दोन्ही आडनावे लावली. आपल्याकडच्या एखाद्या नाटककाराने असे घर रंगमंचावर आणले असते, तर प्रेक्षकांनी त्याला अतिशयोक्ती म्हटले असते.

१९२७ मध्ये कुटुंब बर्लिनला आले. तिथल्या शार्लोटेनबुर्गच्या तंत्रविद्यालयातून झोरा १९३४ मध्ये पदवीधर झाला. पण जर्मनीत ज्यूंचे दिवस फिरले होते. पॅरिसमध्ये त्याने एल्फी या नर्तकीशी १९३९ साली लग्न केले, फ्रान्सच्या हवाई दलात नाव घातले आणि वर्षभरात फ्रान्स कोसळले. एल्फी आपल्या लहानशा एमजी मोटारीतून जर्मन फौजांच्या पुढे पुढे पळत बोर्दोला पोहोचली. पुढे सारे कुटुंब पोर्तुगालमार्गे न्यूयॉर्कला गेले. रशिया, जर्मनी, फ्रान्स असे तीन देश मागे टाकून आलेला हा माणूस. इंग्रजी बोलताना त्याचे परकेपण लपत नसे आणि लपवण्याची त्याला गरजही वाटली नसावी.

न्यूयॉर्कमध्ये भावांनी ‘आर्डन’ नावाची कंपनी काढली. आर्कस आणि डंटॉव्ह यांची आद्याक्षरे जोडून केलेले हे नाव. फोर्डचे व्ही-८ इंजिन तेव्हा घरोघरी होते. स्वस्त, दणकट, पण कोंडल्या श्वासाचे आणि लवकर तापणारे. त्यावर बसवण्यासाठी झोराने ॲल्युमिनियमची नवी हेड तयार केली. धंदा फारसा चालला नाही, पण इंजिनाची ताकद त्याच्या श्वासात असते हा धडा पक्का झाला. पुढे इंग्लंडमध्ये ॲलार्ड कंपनीत काम आणि ल मॉंची चोवीस तासांची शर्यत, हे सगळे ओघाने आलेच.

१९५३ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ ॲस्टोरिया हॉटेलात जनरल मोटर्सचे प्रदर्शन भरले. तिथे पांढरीशुभ्र कॉर्व्हेट पाहून झोरा तिच्या प्रेमातच पडला. त्याने कंपनीला पत्र लिहिले आणि मे महिन्यात त्याला नोकरी मिळाली. रूप देखणे असले तरी गाडीच्या पोटात साधे सहा सिलिंडरचे इंजिन आणि दोनच गियरचा ऑटोमॅटिक गियरबॉक्स होता. गिऱ्हाइकांना हे लगेच कळले. १९५५ मध्ये जेमतेम ७०० कॉर्व्हेट तयार झाल्या. गाडी बंद करण्याची कुजबुज कंपनीत सुरू झाली. त्याच वर्षी आलेल्या नव्या व्ही-८ इंजिनाने तिला जीवदान दिले, पण आता ही गाडी खरोखर पळते हे जगाला दाखवणे भाग होते. त्यासाठी दीडशे मैलांचा आकडा ठरला आणि आहे त्या इंजिनाची ताकद त्याला पुरणार नाही हे झोराने हिशेबाने ओळखले.

त्याने हात घातला तो कॅमशाफ्टला. इंजिनातला हा एक दांडा, त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे. दांडा फिरला की उंचवटा मधल्या काड्यांमार्फत व्हॉल्व्ह उघडतो, आणि उंचवटा सरला की स्प्रिंग तो मिटवते. हवा-पेट्रोल आत कधी यायचे, धूर बाहेर कधी जायचा, हे सारे त्या उंचवट्याचा आकार ठरवतो. मग उंचवटा मोठा केला की झाले, असे कुणालाही वाटेल. पण व्हॉल्व्ह फार उंच उचलला तर मिनिटाला सहा हजार फेऱ्यांच्या धांदलीत स्प्रिंगची दमछाक होते आणि व्हॉल्व्ह वेळेवर बसत नाही. तो जास्त वेळ उघडा ठेवला तर वरच्या वेगात इंजिन भरभरून श्वास घेते. मात्र गाडी उभी असताना धडधडते, खालच्या वेगात मलूल होते. एक घ्यावे तर दुसरे सुटते!

झोराने उंची माफक ठेवली आणि वेळ वाढवला. उंचवट्याच्या बाजूंचा उतार असा घडवला, की वाढत्या फेऱ्यांतही व्हॉल्व्हने त्याची साथ सोडू नये. हायड्रॉलिक टॅपेटऐवजी घन टॅपेट वापरले. म्हणजे अधूनमधून टॅपेट सेटिंग करण्याची कटकट आली, पण इंजिन निर्धास्त फिरू लागले. माझ्या मते त्याची खरी हुशारी या आवर घालण्यात होती. ताकदीच्या हव्यासात उंचवटे वाढवत नेणारे कारागीर अमेरिकेत पुष्कळ होते.

कंपनीने हा कॅम १९५६ च्या गाडीसाठी वेगळ्या किमतीत, फक्त शर्यतीसाठी अशी ताकीद देऊन विकायला ठेवला. त्याने २२५ अश्वशक्तीचे इंजिन २४० वर गेले. त्या वर्षीच्या ३,४६७ गाड्यांपैकी अवघ्या १११ गिऱ्हाइकांनी तो घेतला. बाजारात जाण्यासाठी गाडी हवी असणाऱ्यांनी घेतला नाही, हे शहाणपणाचेच झाले. पण सुटे भाग विकणाऱ्यांच्या तोंडी ‘डंटॉव्ह कॅम’ हे नाव कायमचे बसले. १९५७ मध्ये पेट्रोल इंजेक्शनची जोड मिळून २८३ घनइंचांच्या इंजिनाने २८३ अश्वशक्ती दिली, तेव्हाही आत कॅम हाच होता.

१९५६ मध्येच चाचणीच्या वेळी अपघात होऊन झोराच्या पाठीचे हाड मोडले. अंगभर प्लास्टर असताना तो कामावर आला आणि उभ्याने काम करू लागला. पुढच्या वर्षी अमेरिकी मोटार कंपन्यांनी शर्यतींतून अंग काढून घेतले. झोरा मात्र मधल्या वाटा शोधत राहिला. १९६३ च्या ‘ग्रँड स्पोर्ट’ या शर्यतीच्या गाड्या त्याला १२५ बनवायच्या होत्या. वरिष्ठांनी थांबवले तेव्हा पाचच झाल्या होत्या. त्याच वर्षीच्या स्टिंग रेच्या मागच्या काचेला मधोमध पट्टी होती. रचनाकार बिल मिचेलला ती प्राणप्रिय, तर चालवणाऱ्याला मागचे दिसत नाही म्हणून झोराला ती नकोशी. दोघांची चांगलीच जुंपली. १९६४ मध्ये पट्टी गेली.

एका लढाईत मात्र त्याला कधीच यश आले नाही. इंजिन चालकाच्या पुढे नको, पाठीमागे गाडीच्या मध्यावर हवे, हा त्याचा हट्ट. त्याने त्या पद्धतीच्या प्रायोगिक गाड्या बनवल्या, पण खर्चाचे कारण पुढे करून कंपनी नकार देत राहिली. १९७५ मध्ये तो निवृत्त झाला तेव्हाही इंजिन पुढेच होते. २१ एप्रिल १९९६ रोजी त्याचे निधन झाले. केंटकीतल्या बोलिंग ग्रीनच्या कॉर्व्हेट संग्रहालयात त्याची रक्षा ठेवली आहे. संग्रहालयाशेजारीच कॉर्व्हेटचा कारखाना आहे, आणि २०२० पासून तिथून बाहेर पडणाऱ्या कॉर्व्हेटचे इंजिन चालकाच्या पाठीमागे असते.