सावळ्या रंगाची स्मिता

मैत्रिणींनो, मुलगी बघायला पाहुणे आले की आधी रंग बघतात. आपल्या धानोऱ्यात काय अन् पुण्या-मुंबईत काय, सारखंच! सिनेमात तर विचारूच नका. हिरॉईन म्हणजे गोरीगोमटीच पाहिजे, असं मानलं जायचं त्या काळात एक सावळी, मोठ्या डोळ्यांची मराठी मुलगी पडद्यावर आली. स्मिता पाटील.

१७ ऑक्टोबर १९५५ ला पुण्यात तिचा जन्म झाला. वडील शिवाजीराव राजकारणात, आई विद्याताई समाजकार्यात. शिक्षण झाल्यावर ती मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचू लागली. खाली जीन्स अन् वरून साडी गुंडाळलेली... कॅमेऱ्याला कुठे कळतंय! तिथेच ती दिग्दर्शक श्याम बेनेगल यांच्या नजरेत भरली.

१९७५ च्या ‘चरणदास चोर’मध्ये ती राजकन्या झाली. हबीब तन्वीर यांच्या नाटकावरच्या या सिनेमात छत्तीसगडचे नाचा कलावंत होते. मुरूमगाव ओलांडलं की तोच तर मुलूख! मग आला ‘मंथन’. गुजरातमधल्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये काढून हा सिनेमा उभा केला. त्यातली स्मिता बघा, खरीच गावातली बाई वाटते. हंसा वाडकर यांच्या आत्मकथनावरच्या ‘भूमिका’साठी आणि झोपडपट्टीतलं जगणं दाखवणाऱ्या ‘चक्र’साठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले.

पण मला विचाराल तर तिचं सगळ्यात मोठं काम ‘उंबरठा’ (१९८२). यातली सुलभा महाजन चांगल्या घरची सून. नवरा आहे, लहान मुलगी आहे, कशाला काही कमी नाही. तरी ती घर सोडून महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून जाते. तिथल्या बायकांसाठी भांडते, थकते, परत येते. तोवर नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते. सुलभा रडत बसत नाही, पुन्हा गाडीत बसते. लेकराला टाकून गेली म्हणून आजही कुणी तिला नावं ठेवतील. स्मिताने मात्र तिला वाईटही केलं नाही अन् देवीही केलं नाही.

परदेशातही तिची कदर झाली. फ्रान्समध्ये तिच्या सिनेमांचा खास महोत्सव झाला. १९८४ मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियल महोत्सवात ती परीक्षक होती. १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली.

राज बब्बर आधीच विवाहित असल्यानं त्यांच्याशी लग्न केल्यावर लोकांनी बोल लावले, तेही तिलाच जास्त. २८ नोव्हेंबर १९८६ ला मुलगा झाला, प्रतीक. बाळ झालं की आपण म्हणतो, बाई सुटली. पण बाळंतपणानंतरचे दिवसही तेवढेच जोखमीचे असतात. मुंबईसारख्या शहरात, डॉक्टर हाताशी असूनही ही ओली बाळंतीण वाचली नाही. १३ डिसेंबरला ती गेली. वय अवघं ३१!

मिरच्यांच्या कारखान्यातल्या बायकांचा ‘मिर्च मसाला’ तिच्या मागे, १९८७ मध्ये लागला. आणि मे २०२४ मध्ये फ्रान्सच्या कान महोत्सवात ‘मंथन’ची नव्यानं दुरुस्त केलेली प्रत दाखवली गेली. प्रतीक तिथे हजर होता. आई गेली तेव्हा तो १५ दिवसांचा होता.