सावलीची कदर करणारा नगररचनाकार : सर पॅट्रिक गेडिस

इंदूरच्या जुन्या वस्तीत ज्यांचे बालपण गेले, त्यांना ओटा, ओसरी, लाकडी सज्जा आणि घरामधला चौक यांची ओळख करून द्यावी लागत नाही. या जुन्या घरांची आणि गल्ल्यांची बाजू शंभर वर्षांपूर्वी एका परदेशी गृहस्थांनी घेतली होती. त्यांचा परिचय आपल्या विद्यार्थ्यांना असावा, असे आम्हाला वाटते.

पॅट्रिक गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमध्ये झाला. त्यांचा मूळ विषय जीवशास्त्र. १८७९ मध्ये मेक्सिकोत असताना त्यांची दृष्टी काही काळ गेली. पुढे सूक्ष्मदर्शकावर काम करणे कठीण झाले आणि त्यांचे लक्ष माणसांच्या वस्त्यांकडे वळले. लग्नानंतर ते पत्नी ॲना यांच्यासह एडिंबरोच्या एका पडक्या, दाट वस्तीत राहायला गेले. तेथील घरे पाडण्याऐवजी त्यांनी ती स्वच्छ करून, डागडुजी करून राहण्याजोगी केली. उत्तम डॉक्टर जसा गरजेपुरतीच शस्त्रक्रिया करतो, तसेच शहराचेही करावे, हा विचार त्यांनी जन्मभर जपला.

१९१४ मध्ये ते भारतात आले. त्यांचे नगररचनेचे प्रदर्शन घेऊन येणारे जहाज 'एमडेन' या जर्मन युद्धनौकेने बुडवले. त्यांनी खचून न जाता नवे साहित्य जमवले आणि १९१५ च्या आरंभी मद्रासला प्रदर्शन भरवले. १९१७ साल तर फारच कठीण गेले. मुलगा महायुद्धात मारला गेला आणि त्याच वर्षी पत्नीचेही भारतात निधन झाले. अशा दुःखातही त्यांनी होळकर दरबारासाठी इंदूरचे काम हाती घेतले. त्यांचा दोन भागांतील अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्या वेळी शहरात प्लेगची भीती होती. नकाशा घेऊन हिंडणारा साहेब घरे पाडायला आला आहे, असा लोकांचा समज झाला. गेडिस यांनी दिवाळीच्या मिरवणुकीची कल्पना मांडली. जो भाग सर्वांत स्वच्छ, तेथून मिरवणूक जाणार! लोकांनी घरे झाडली, दर्शनी भाग दुरुस्त करून रंगवले, गाड्या भरभरून कचरा काढला. मिरवणुकीत घाणीचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर यांच्या प्रतिमा होत्या. सफाई कामगार स्वच्छ पोशाखात, सन्मानाने चालले. तुळशीची रोपेही वाटण्यात आली.

सरसकट रुंद रस्ते काढण्यास गेडिस यांचा विरोध होता. उष्ण देशात अरुंद गल्ली सावली देते, तर रुंद रस्ता ऊन आणि धूळ देतो, हे त्यांनी ओळखले होते. झाडे, चौक, तलाव आणि विहिरी राखाव्यात, असा त्यांचा आग्रह असे.

याचे शास्त्र विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे. इंदूर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस आहे. जूनच्या आणि जुलैच्या सुरुवातीला दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. तेव्हा थोडासा पुढे आलेला सज्जाही खालच्या भिंतीवर सावली धरतो. पावसाळ्यात तोच सज्जा झड अडवतो, त्यामुळे दमट हवेतही खिडकी उघडी ठेवता येते. पश्चिमेचे ऊन मात्र तिरपे येते. ते सज्जाने अडत नाही. त्याला जाळी, झाड किंवा समोरचे घर लागते. अरुंद गल्लीत समोरासमोरची घरे हेच काम करतात. चुन्याची पांढरी भिंत ऊन परतवते आणि चौकातून गरम हवा वर निघून जाते.

अलीकडच्या वर्षांत आपल्या शहरात रस्ते रुंद करताना अनेक घरांचे पुढचे भाग कापले गेले. वाहतुकीची अडचण खरी आहे. पण सज्जा आणि ओटा गेला की सावलीही जाते. त्या जागी पश्चिमेला नुसती काच बसवली, तर खोली तापते आणि विजेचे बिल वाढते.

१९१९ ते १९२४ या काळात गेडिस मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांचे विद्यार्थी डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी पुढे तो विभाग नावारूपाला आणला. १९३२ मध्ये गेडिस यांना 'सर' हा किताब मिळाला आणि त्याच वर्षी १७ एप्रिलला फ्रान्समध्ये त्यांचे निधन झाले.

गेडिस यांची रीत होती, आधी पाहणी आणि मगच आराखडा. विद्यार्थ्यांनी या सुट्टीत आपल्या गल्लीत सकाळी ८, दुपारी १२ आणि सायंकाळी ५ वाजता सावली कुठे पडते, याची नोंद करावी. पालकांनी घराची पुढची बाजू बदलण्यापूर्वी आणि विश्वस्त मंडळींनी नव्या खोल्यांचा नकाशा ठरवण्यापूर्वी अशी नोंद जरूर पाहावी, ही आमची विनंती.