कार्डिनल मॅनिंग : निराश्रित बालकांचे कैवारी

परमेश्वराच्या असीम कृपेने आमच्या पॅरिशला हा ज्युबिलीचा मंगल दिवस पाहावयास मिळाला. अशा प्रसंगी आमच्या पवित्र मातेच्या, म्हणजे ख्रिस्तसभेच्या, एखाद्या थोर सुपुत्राचे चरित्र वाचकांपुढे ठेवावे, असे आमच्या मनात आले. त्यासाठी आम्ही वेस्टमिन्स्टरचे आर्चबिशप कार्डिनल हेन्री एडवर्ड मॅनिंग यांची निवड केली आहे. लंडनच्या गोदी कामगारांचा १८८९ सालचा संप मिटविणारे मध्यस्थ म्हणून त्यांची कीर्ती जगभर झाली. परंतु त्यांच्या ज्या कार्याविषयी आम्ही येथे लिहिणार आहोत, ते याहून अधिक शांतपणे चालले. आईबापांपासून दुरावलेल्या गरीब बालकांचा आपल्या घराशी व आपल्या धर्माशी असलेला धागा तुटू न देणे, हेच ते कार्य होय.

मॅनिंग यांचा जन्म १५ जुलै १८०८ रोजी इंग्लंडातील टॉटरिज या गावी एका धनाढ्य व्यापाऱ्याच्या घरी झाला. वडील पार्लमेंटचे सभासद होते व बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नरही झाले होते. पण १८३१ साली त्यांचे दिवाळे वाजले. ऑक्सफर्डचे शिक्षण पुरे करून मॅनिंग अँग्लिकन पंथाचे धर्मोपदेशक झाले. १८३३ साली त्यांचा विवाह झाला आणि अवघ्या चार वर्षांत, १८३७ साली, पत्नी क्षयाने निवर्तली. पोटी संतती नव्हती. पुढे दीर्घ चिंतन व प्रार्थना यांच्या अंती ६ एप्रिल १८५१ रोजी त्यांनी कॅथलिक ख्रिस्तसभेत प्रवेश केला, आणि त्याच वर्षी त्यांना गुरुदीक्षा मिळाली. १८६५ साली ते वेस्टमिन्स्टरचे आर्चबिशप व १८७५ साली कार्डिनल झाले.

त्या काळचे लंडन कसे होते, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. आयर्लंडातील भीषण दुष्काळानंतर हजारो निर्धन कॅथलिक कुटुंबे तेथे येऊन राहिली होती. उपासमार झाली की त्यांना सरकारी वर्कहाउसचा, म्हणजे दरिद्री लोकांच्या आश्रयगृहाचा, रस्ता धरावा लागे. तेथे पाऊल टाकताच नवरा एका विभागात, बायको दुसऱ्यात आणि मुले तिसऱ्यात, अशी कुटुंबाची फाटाफूट होई. आईबापांनी मुलांना भेटावे अशी सोय नियमांत होती खरी; पण मूल कित्येक मैल दूरच्या जिल्हाशाळेत रवाना झाले, की ती भेट गार्डियन मंडळाच्या मर्जीवर अवलंबून राही. शिवाय कॅथलिक मुलांची वाढ तेथे परपंथीय शिकवणीत होई. मूल घराला मुके आणि धर्मालाही मुके, अशी ही दुहेरी आपत्ती होती.

आर्चबिशप कार्डिनल वाइजमन यांच्या स्मरणार्थ भव्य कॅथेड्रल बांधावे, म्हणून निधी जमू लागला होता. मॅनिंग यांनी कॅथेड्रलला विरोध केला नाही. मात्र बालकांचे काम त्यांनी आधी घेतले. १८६६ साली त्यांनी या मुलांसाठी डायोसिझचा शिक्षण निधी उभारला आणि त्यांच्याकरिता शाळा व आश्रम उघडण्याचा सपाटा लावला. त्याच वर्षी असा कायदा झाला की, आईबापांनी वा जवळच्या नातलगांनी, आणि ते कोणी नसल्यास धर्ममातापित्यांनी, अर्ज केल्यास मूल त्याच्या धर्माच्या शाळेत पाठविण्याचा हुकूम वरिष्ठ मंडळ देऊ शकेल. १८६८ सालच्या कायद्याने प्रत्येक मुलाच्या धर्माची नोंद ठेवणे आवश्यक केले व त्या धर्माच्या गुरूला मुलास भेटून शिकविण्याची मुभा दिली. कायदा झाला तरी अडवणूक चालूच राहिली. कित्येक मंडळे मूल सोडण्यास नाखूष असत. मॅनिंग यांनी वर्षानुवर्षे त्यांचा पिच्छा पुरविला.

तथापि आईबापांचा हक्क सांगताना बालकांच्या यातनांकडे त्यांनी डोळेझाक केली नाही. घराच्या चार भिंतींआड मुलांना मारझोड व उपासमार सोसावी लागते, हे ते जाणून होते. १८८४ साली लंडनमध्ये बालकांवरील क्रौर्य रोखण्यासाठी संस्था स्थापन झाली, तेव्हा तिच्या पुरस्कर्त्यांत मॅनिंग होते. प्रोटेस्टंट धर्मोपदेशक बेंजामिन वॉ यांच्यासह त्यांनी १८८६ साली या विषयावर एक प्रभावी लेखही लिहिला. या चळवळीचे फळ म्हणजे १८८९ चा कायदा. क्रूर आईबापांकडून मूल काढून घेण्याचा अधिकार त्याने न्यायालयास दिला. पण ते मूल शक्यतो त्याच्याच धर्माच्या योग्य व्यक्तीकडे सोपवावे, असेही सांगितले.

याच सुमारास डॉक्टर बर्नार्डो यांच्या प्रसिद्ध आश्रमांविषयी वाद माजला. त्यांनी असंख्य मुलांना रस्त्यावरून उचलून अन्नवस्त्र दिले, हे आम्ही आनंदाने मान्य करतो. परंतु काही मुले आईबापांना परत देण्यास त्यांनी नकार दिला, व काहींना समुद्रापार कॅनडास धाडले. एका गरीब कॅथलिक मातेने कोर्टाची पायरी चढली, आणि १८९१ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने तिच्या इच्छेस मान दिला. त्याच वर्षीच्या नव्या कायद्याने मुलाला टाकून देणाऱ्या आईबापांस ते परत न देण्याची मुभा न्यायालयास मिळाली. तरी मुलाचे धर्मशिक्षण आईबापांच्या इच्छेप्रमाणे व्हावे, याची तजवीजही त्यात होती. पुढे १४ जानेवारी १८९२ रोजी मॅनिंग प्रभूच्या चरणी विसावले. लंडनच्या गोरगरिबांनी अंत्यदर्शनासाठी रीघ लावली होती.

सत्य सांगणे हे आमचे कर्तव्य आहे. मुलांना कॅनडास धाडण्याचे काम आमच्या कॅथलिक संस्थांनीही केले. मॅनिंग यांच्या डायोसिझमधूनही मुले गेली. धर्म राखला, पण आईची भेट कायमची अंतरली, असे कित्येकांच्या बाबतीत घडले. परदेशी धाडलेल्या अशा बालकांची क्षमा ब्रिटनच्या पंतप्रधानांनी २०१० साली जाहीरपणे मागितली. थोरांच्या चुकाही आम्हांस धडा देतात.

पुढे इंग्लंडच्या १९८९ च्या कायद्याने असे ठरविले की, सरकारी देखरेखीखालील मुलास आईबापांना वाजवी प्रमाणात भेटू द्यावे. निकडीच्या वेळी सात दिवसांपलीकडे ही भेट रोखावयाची झाल्यास न्यायालयाची परवानगी हवी. आमच्या देशाच्या २०१५ च्या बालन्याय कायद्यानेही संस्थेत ठेवणे हा शेवटचाच उपाय मानला आहे, आणि मूल स्वेच्छेने सोपविणाऱ्या आईबापांस फेरविचारासाठी दोन महिन्यांची मुदत दिली आहे.

प्रिय पॅरिशजनहो, मुलाच्या रक्षणासाठी कधी दार बंद करावे लागते, हे खरे. एखाद्या पित्याची सावलीही मुलावर पडू नये, असेही प्रसंग येतात. पण ते दार मुलाच्या हितासाठी बंद व्हावे, सांभाळणाऱ्यांच्या सोयीसाठी नव्हे. ज्या मातेला दारिद्र्यामुळे आपले लेकरू आश्रमात ठेवावे लागते, तिला आम्ही नावे ठेवू नयेत. भेटीच्या दिवशी तिच्या हाती गाडीभाडे नसेल, तर ते आम्ही द्यावे. आणि तुमच्यापैकी ज्यांनी बाप्तिस्म्याच्या वेळी एखादे बालक धर्ममातापिता म्हणून हाती धरले असेल, त्यांनी ते बालक आज कोठे आहे याची चौकशी करावी. १८६६ सालच्या त्या कायद्याने आईबापांच्या व नातलगांच्या मागोमाग त्यांनाच उभे केले होते.

आमच्या चर्चच्या भिंती आमच्या वाडवडिलांनी श्रमाने उभारल्या. त्या भिंतींच्या आत एकाही बालकाची जागा रिकामी राहू नये, असा वर आम्ही या ज्युबिलीच्या दिवशी प्रभूजवळ मागतो.