दहा थाटांची मांडणी : पंडित विष्णु नारायण भातखंडे

आपल्या ग्वाल्हेरच्या माधव संगीत महाविद्यालयाचा विषय निघाला की राजाभय्या पूछवाले यांचे नाव ओघाने येतेच. पण त्या शाळेचा अभ्यासक्रम ज्यांनी आखून दिला ते ग्वाल्हेरचे नव्हते आणि पेशाने गवईही नव्हते. ते मुंबईचे वकील होते. गाण्यातले कोणाला काय आणि कोणत्या क्रमाने यावे, याचा विचार त्यांनी उभ्या आयुष्यात केला. त्यांची ओळख आपल्या विद्यार्थ्यांना असावी म्हणून हा लेख.

विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईत वाळकेश्वर येथे झाला. त्या दिवशी गोकुळाष्टमी होती. गाण्याची ओढ लहानपणापासूनच. वल्लभदास दामुलजी यांच्याकडे ते सतार शिकले. एल्फिन्स्टन कॉलेजातून १८८५ साली बी. ए. आणि १८८७ साली एलएल. बी. झाले. काही काळ कराचीत व नंतर मुंबईत त्यांनी वकिली केली. पारशी मंडळींनी चालवलेल्या गायन उत्तेजक मंडळीत ते १८८४ पासून जात. तेथे रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून धृपदे आणि अली हुसेन खाँ यांच्याकडून ख्याल त्यांनी घेतले. असे करता करता शेकडो चिजा जमल्या.

१९०० साली पत्नी गेली आणि १९०३ साली एकुलती मुलगी. घर रिकामे झाले. पुढे वकिलीही सुटली आणि राहिले ते फक्त संगीत.

चिजा जमल्या खऱ्या, पण त्यांची व्यवस्था लागेना. एकच राग दोन खाँसाहेब दोन तऱ्हेने गात आणि दोघेही आपलेच खरे म्हणत. वकिलाला साक्षीदारांतली तफावत काही नवी नाही. पण कोर्टात निदान कायद्याचे पुस्तक तरी असते. येथे पुस्तक म्हणून जे होते ते राग-रागिणींचे कुटुंब. सहा राग, त्यांच्या प्रत्येकी पाच किंवा सहा बायका, मग मुलगे आणि सुना. त्यातही शिवमत वेगळे, हनुमंतमत वेगळे. चित्रकारांना या कुटुंबाचा मोठा उपयोग झाला. शिकणाऱ्याला मात्र काहीच नाही, कारण नवऱ्याच्या आणि बायकोच्या स्वरांत काही साम्य असेलच असे नव्हते. एक रागिणी आली म्हणून दुसरी सोपी जात नसे. प्रत्येक राग पहिल्यापासून, आणि तोही गुरूची मर्जी असेल तर.

१९०४ साली भातखंडे दक्षिणेत गेले. मद्रास, तंजावर, मदुरा करीत एट्टयपुरमला पोचले व तेथे सुब्बराम दीक्षितांना भेटले. सतराव्या शतकातल्या व्यंकटमखी पंडितांची मेळपद्धती त्यांनी तिकडे बारकाईने पाहिली. सप्तकातल्या बारा स्वरांतून सात सात स्वरांचे जितके शास्त्रशुद्ध संच निघतील तितके काढायचे, असा तो हिशेब, आणि उत्तर येते ७२. हिशेबात चूक काढायला जागा नाही. पण स्वतः व्यंकटमखींच्या काळी त्या ७२ पैकी १९ च प्रचारात होते. बाकीची घरे रिकामी.

यातला पेच मुलांना एका खेळावरून चटकन कळेल. टेबलाभोवती बसून भूमिका घ्यायचे खेळ तुमच्यापैकी काहींनी पाहिले असतील. एक जण योद्धा, एक वैद्य, एक गवई. कोणाला काय किती येते ते ज्याच्या त्याच्या कागदावर आकड्यांत लिहिलेले असते आणि फासे टाकून ते आजमावायचे. या प्रकाराची सुरुवात अमेरिकेत १९७४ साली निघालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने झाली. खेळ रचणाऱ्याला आधी हे ठरवावे लागते, की गाणे ही एकच विद्या धरायची की धृपद, ख्याल, टप्पा, ठुमरी अशा वेगळ्या मांडायच्या? एकच धरली तर सगळे गवई सारखे. फार फोडली तर कागद भरून जातो आणि ख्याल गाणाऱ्या बुवांना साधे भजन येत नाही असा विनोद होतो. वरच्या खेळाच्या २०१४ च्या आवृत्तीत कौशल्ये फक्त १८ आहेत. ‘गर्प्स’ नावाच्या १९८६ च्या दुसऱ्या खेळात ती शेकडो आहेत. म्हणून तेथे एक विद्या येत असली तर तिच्या जवळची दुसरी थोडा आकडा कमी करून वापरू देतात. ही सवलत नसती तर तो खेळ चाललाच नसता.

भातखंड्यांपुढे ७२ घरांचा कागद होता आणि त्यांनी तो उचलला नाही. १९०७ आणि १९०८ साली त्यांनी पुन्हा लांबचे दौरे केले. नागपूर, हैदराबाद, कलकत्ता, बनारस, लखनौ, दिल्ली, जयपूर. गवई प्रत्यक्ष काय गातात ते ऐकायचे आणि टिपून घ्यायचे. त्यावरून त्यांनी दहा थाट ठरवले : कल्याण, बिलावल, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी. थाट गायचा नसतो. तो म्हणजे सात स्वरांची नुसती चौकट. काफी थाटाचे कोमल गांधार-निषाद गळ्यात बसले की भीमपलास, बागेश्री असे पुष्कळ राग निम्मे सोपे होतात. उरलेले निम्मे मात्र प्रत्येक रागाचे स्वतःचे : आरोह-अवरोह, वादी-संवादी, गाण्याची वेळ, चलन.

ही दुसरी पायरी त्यांनी किती जपली ते पाहण्यासारखे आहे. मारवा, पूरिया आणि सोहनी या तिन्ही रागांचे स्वर तेच. पण मारव्यात रिषभ-धैवतावर भर, पूरिया गांधार-निषाद धरून खालच्या अंगाने चालतो आणि सोहनी वरच्या षड्जाभोवती फिरते. भूप आणि देशकार यांचे तर पाचही स्वर एक आहेत. तरी भूप त्यांनी कल्याण थाटात ठेवला आणि देशकार बिलावलात, कारण एकाचा वादी गांधार, दुसऱ्याचा धैवत, आणि कानाला त्यांची घराणी वेगळी लागतात. निव्वळ हिशेबनीस असता तर त्याने दोन्ही एकाच खणात टाकले असते.

सगळे काही बसले मात्र नाही. ललतात दोन्ही मध्यम एकापुढे एक येतात. तो मारवा थाटात ठेवला आहे, पण अवघडून बसल्यासारखा दिसतो. पटदीपात शुद्ध निषाद असून तो काफीत गणतात. या त्रुटींवरून पंडितजींवर पुष्कळ टीका झाली आणि ती वाजवी होती. माझ्या मते दहाच्या ऐवजी बत्तीस थाट केले असते तर असे राग नीट बसले असते, पण शाळेतल्या मुलाच्या डोक्यात काहीच बसले नसते.

दुसरी टीका अधिक गंभीर आहे. त्यांच्या लेखनात अशिक्षित उस्तादांविषयी कठोर शब्द जागोजागी येतात. ज्यांच्याकडून चिजा घेतल्या, त्यांच्याविषयीच हे लिहिणे. जयपूरच्या महंमद अली खाँसारख्या घराणेदार गवयांनी आपले भांडार उघडले नसते तर थाटांच्या चौकटीत भरायला त्यांच्याकडे फारसे काही उरले नसते. त्यांना या ऋणाची जाण होती, पण लेखणी हाती आली की ती नेहमी दिसत नाही.

१९१० पासून ग्रंथ येऊ लागले. संस्कृतातले ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ चतुरपंडित या नावाने आणि चार भागांची ‘हिंदुस्थानी संगीतपद्धती’ विष्णुशर्मा या नावाने. ही दुसरी मराठीत आहे, गुरू-शिष्यांच्या संवादाच्या रूपात. ज्यांच्या घरी जुने भाग असतील त्यांनी ते रद्दीत घालू नयेत.

१९१६ साली सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. त्यानंतर माधवराव शिंदे महाराजांनी हे काम मनावर घेतले. ग्वाल्हेरच्या काही गवयांना मुंबईला पाठवून भातखंड्यांच्या पद्धतीचे शिक्षण देववले आणि १९१८ च्या जानेवारीत माधव संगीत विद्यालय सुरू झाले. मुंबईस गेलेल्यांत राजाभय्या होते. ते शंकर पंडितांचे शिष्य, म्हणजे हद्दू-हस्सू खाँच्या परंपरेतले. पुढे कित्येक वर्षे तेच या शाळेचे प्राचार्य होते.

ग्वाल्हेरात ही गोष्ट सोपी नव्हती. येथे ख्यालाबरोबर टप्पा, तराणा, त्रिवट, चतरंग, अष्टपदी सारे काही गुरूच्या घरी बसून शिकायचे. शाळा अगदीच नवी होती असे नाही. कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ सालीच स्वतःचे विद्यालय काढले होते. पण एकाच पुस्तकावरून वीस मुलांनी एकच चीज म्हणायची, हे पुष्कळांच्या पचनी पडेना. टप्प्यातली झपाट्याची तान कागदावर कशी उतरणार? खटका, मुरकी कशी लिहिणार? उतरत नाहीच. भातखंड्यांची स्वरलिपी मुद्दाम साधी ठेवलेली आहे. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखाली आणि तार स्वरावर टिंब, एका मात्रेतल्या स्वरांखाली कंस. चिजेचा सांगाडा टिकावा एवढीच तिची अपेक्षा आहे. मांस गुरूने भरायचे.

‘क्रमिक पुस्तकमालिका’ याच बेताने रचलेली आहे. आधी अलंकार आणि सरगमी, मग दहा थाटांचे दहा आश्रयराग, त्यानंतर भूप, हमीर, केदार, बिहाग असे पुढे पुढे, आणि अनवट राग शेवटी. रागाची लक्षणे ज्यात गुंफलेली आहेत अशी लक्षणगीतेही सोबत आहेत, म्हणजे नियम वेगळे पाठ करायला नको. आजही पाटणकर बाजारात एखाद्या घरातून पेटीवर बिलावलचे अलंकार ऐकू आले, तर ती शिकवणी बहुधा याच क्रमाने चाललेली असते.

१९२६ साली लखनौला मॅरिस कॉलेज निघाले. त्याला पुढे त्यांचेच नाव मिळाले. १९३३ साली त्यांना पक्षाघात झाला. १९ सप्टेंबर १९३६ रोजी गणेशचतुर्थीला ते गेले. मालिकेचे पाचवा आणि सहावा हे भाग त्यांच्या मागे छापून निघाले.

सहाही भागांत चिजा भरपूर आहेत, पण ख्याल गाताना लागणाऱ्या ताना-आलापांना त्यांत फार थोडी जागा मिळाली. ती उणीव आपल्या राजाभय्यांनी ओळखली आणि ‘तानमालिका’ नावाने त्याची वेगळी पुस्तके रचली.