भूमिहीनांचे कर्मवीर

नाशिकच्या दादासाहेब गायकवाड सभागृहात सभा-संमेलनांची वर्दळ असते. ज्यांचे नाव या वास्तूला लाभले, त्या कर्मवीरांची ओळख मात्र अनेकांच्या लेखी काळाराम मंदिर सत्याग्रहापाशीच थांबते. त्यांनी भूमिहीनांसाठी दिलेला लढाही तितकाच मोलाचा होता.

भाऊराव कृष्णाजी ऊर्फ दादासाहेब गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी दिंडोरी तालुक्यातील आंबे येथे झाला. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखालील या लढ्याची नाशिकमधील धुरा दादासाहेबांनी अनेक वर्षे वाहिली. १९३७ मध्ये ते मुंबई विधानसभेत, तर १९५७ मध्ये नाशिकमधून लोकसभेत निवडून गेले.

१९४८ च्या कूळ कायद्याने आणि पुढील दुरुस्त्यांनी कसणाऱ्या कुळांना मालकीची वाट खुली झाली. परंतु सातबाऱ्यावर ज्याचे नाव मालक म्हणून नव्हते आणि कूळ म्हणूनही नव्हते, त्या शेतमजुराच्या पदरी काहीच पडले नाही. पोटासाठी सरकारी पडीक जमीन कसावी, तर अतिक्रमणाचा शिक्का बसे. गावातील बडे जमीनधारकही आडवे येत.

या शेतमजुरांसाठी दादासाहेबांनी १९५९ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला. केवळ घटनात्मक मार्गाचा आग्रह धरणाऱ्या रिपब्लिकन पक्षातील सुशिक्षित गटाला त्यांची रस्त्यावरची लढाई रुचली नाही. पक्षात फूट पडली, तरी दादासाहेब मागे हटले नाहीत. पडीक जमिनीचे वाटप, किमान वेतन आणि संसदेत बाबासाहेबांचे तैलचित्र या मागण्यांसाठी ६ डिसेंबर १९६४ पासून देशव्यापी सत्याग्रह झाला. चळवळीच्या नोंदींनुसार तीन लाखांहून अधिक सत्याग्रहींनी तुरुंगवास पत्करला. सरकारच्या आश्वासनानंतर १९६५ च्या प्रारंभी आंदोलन थांबले. तैलचित्र लागण्यास मात्र १९९० साल उजाडावे लागले.

१९६८ मध्ये ‘पद्मश्री’ने गौरविलेल्या दादासाहेबांचे २९ डिसेंबर १९७१ रोजी निधन झाले. भूमिहीन दलित कुटुंबांना चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देणारी राज्य शासनाची योजना २००४ पासून त्यांच्याच नावाने राबविली जाते. त्यासाठी शासनाला जमीन विकत घ्यावी लागते आणि विकणारे सहजासहजी पुढे येत नाहीत. दादासाहेबांनी ज्यासाठी तुरुंग भरले, त्या जमिनीच्या तुकड्याची प्रतीक्षा अनेक कुटुंबांसाठी अद्याप संपलेली नाही.