घन धातूला वाहायला लावणारा आंरी ट्रेस्का

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, आयुष्यभर बँकेत नोकरी केली. यंत्रशास्त्राशी माझा संबंध कर्जाच्या फायलींपुरता. बडोद्यात असताना स्टॉक तपासणीसाठी मकरपुऱ्यातल्या छोट्या कारखान्यांत जावं लागे. प्रेसखाली पत्रा जायचा आणि पलीकडून वाटीसारखा भाग बाहेर पडायचा. घट्ट लोखंड कणकेसारखं आकार घेतं तरी कसं, हा प्रश्न तेव्हा पडला होता. निवृत्तीनंतर वाचन करताना उत्तराच्या मागे एक माणूस सापडला. इंजिनिअरिंगच्या मुलांना त्याचं नाव परीक्षेपुरतं ठाऊक असतं, आपल्याला तेवढंही नसतं.

आंरी ट्रेस्का यांचा जन्म 1814 साली फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरच्या डंकर्क या बंदरात झाला. पॅरिसच्या नामांकित एकोल पॉलिटेक्निकमध्ये ते शिकले. पूल-इमारतींचे अभियंता व्हायचं मनात होतं, पण मोठ्या आजारपणामुळे तो बेत फसला. पुढची बरीच वर्षं शिकवण्यात आणि यंत्रांच्या चाचण्या घेण्यात गेली. 1852 मध्ये ते पॅरिसच्या कॉन्झर्वातवार या संस्थेत रुजू झाले. कला-कारागिरी आणि यंत्रांचं संग्रहालय, शाळा आणि प्रयोगशाळा असं ते एकत्र ठिकाण होतं. इतरांनी बनवलेली इंजिनं तपासून किती इंधनात किती काम होतं याचा हिशेब मांडणं हे त्यांचं एक मोठं काम. थोडक्यात, आमच्या इन्स्पेक्शन खात्यासारखंच.

ज्या कामासाठी ते ओळखले जातात ते त्यांनी 1864 मध्ये पुढे आणलं. तेव्हा वय पन्नास!

प्रयोग समजायला आपला चकलीचा सोऱ्या डोळ्यांसमोर आणा. जाड भिंतीचं नळकांडं, तळाला भोक. आत शिशाच्या चकत्या नाण्यांच्या चळतीसारख्या रचायच्या आणि वरून दट्ट्याने प्रचंड दाब द्यायचा. शिसं न वितळता, थंडच, भोकातून कांडीसारखं बाहेर येई. मग ती कांडी उभी चिरायची. आत प्रत्येक चकतीचा थर ओळखू येई, पेल्यात पेला बसवावा तसे एकात एक ताणले गेलेले. म्हणजे धातू तुटून बाहेर आला नव्हता, वाहून आला होता. शिशावरच न थांबता त्यांनी कथील, तांबं, मेण, माती, अगदी बर्फावरही असे प्रयोग केले.

दुसरा प्रयोग भोक पाडण्याचा. जाड ठोकळ्यात पंच घुसवला की खालून तुकडा निघतो. तो ठोकळ्याच्या जाडीइतका उंच असायला हवा, पण भरे कमी. मग बाकीचा धातू गेला कुठे? धातूचं एकूण घनफळ बदलत नाही, हे धरून ट्रेस्कांनी हिशेब केला: तो बाजूला, ठोकळ्याच्या अंगातच सरकला होता. ताळेबंदात फरक दिसला की रक्कम कुठल्या तरी खात्यात सापडतेच, तसं.

यातून त्यांनी नियम मांडला. दोन थरांना एकमेकांवरून घसरवणारा ताण ठराविक मर्यादेला पोचला की धातू कायमचा आकार बदलू लागतो. पुढे सँ-व्हनाँ यांनी त्याला गणिताची बैठक दिली. त्यानंतर जास्त काटेकोर नियम आले, पण ट्रेस्कांचा नियम सोपा आणि सुरक्षिततेच्या बाजूला झुकणारा असल्याने आजही वापरात आहे.

याच काळात मीटरची नवी प्रमाण पट्टी करायचं आंतरराष्ट्रीय काम पॅरिसमध्ये निघालं. धातू ठरला प्लॅटिनम-इरिडियमचा, अतिशय महाग. पट्टीचा छेद इंग्रजी एक्स अक्षरासारखा ठेवण्याची कल्पना ट्रेस्कांची. धातू कमी लागतो, पट्टी सहज वाकत नाही आणि खुणा मध्यावर असल्याने किंचित वाकली तरी लांबीत फरक पडत नाही.

1874 मध्ये हा धातू त्यांच्याच संस्थेत वितळवला गेला. पट्ट्या ठोकताना ट्रेस्कांना एक विलक्षण गोष्ट दिसली. लाली उतरलेल्या धातूवर घणाचा घाव पडला की एक्सच्या आकारात रेघा पुन्हा उजळत. धातू जिथे घसरत होता तिथेच तापत होता. पुढे पट्ट्यांना मेण लावून, घावाने किती मेण वितळतं त्यावरून त्यांनी उष्णता मोजली, आणि घावाच्या श्रमाचा मोठा भाग उष्णतेत जातो हे दाखवलं. हाताशी मेण होतं, त्यावरच काम भागवलं, हे मला फार आवडलं.

पण त्या धातूत रुथेनियम आणि लोखंडाची भेसळ निघाली. आंतरराष्ट्रीय समितीने 1877 मध्ये तो नाकारला. एवढ्या खटाटोपानंतर हा नकार किती लागला असेल, याची कल्पना ज्याचा प्रस्ताव वरून परत आला आहे त्यालाच यावी. शुद्ध धातूचं काम लंडनच्या जॉन्सन मॅथी कंपनीकडे गेलं. आकार मात्र ट्रेस्कांचाच राहिला.

1885 च्या जूनमध्ये पॅरिसला त्यांचं निधन झालं. चार वर्षांनी, 1889 मध्ये, त्या आकाराची पट्टी जगाचा मीटर म्हणून मान्य झाली आणि 1960 पर्यंत तशी राहिली. आपल्याकडे गज-फूट मागे पडून मीटर आला तो याच काळात. त्याच 1889 मध्ये आयफेल टॉवर उभा राहिला. त्याच्या पहिल्या मजल्याखाली चारी बाजूंना 72 फ्रेंच शास्त्रज्ञ-अभियंत्यांची नावं आहेत, त्यांत ट्रेस्का आहेत. आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं-नातवंडं आता युरोपात असतात. पॅरिसला गेलात तर खालून मान वर करून ते नाव शोधा.